पार्श्वभूमी जमवण्याची सोपी पद्धत

ही मार्गदर्शिका त्यांच्यासाठी आहे, जे आपल्या घरातून बारावीनंतर पुढे निघालेले पहिलेच आहेत. ज्यांचे आजोबा मामलेदार होते, आत्या डॉक्टर आहे आणि थोरला भाऊ पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलाय, त्यांनी ती वाचली नाही तरी चालेल. त्यांना यातलं सगळं येतं. फक्त आपल्याला काही येतं हेच त्यांना ठाऊक नसतं. त्याला ते गुणवत्ता म्हणतात.

इंजिनिअरिंग-मेडिकलच्या प्रवेशाला लागणारी पार्श्वभूमी सुट्टी मिळत नाही. ती साधारण आठवीपासून भरायला घ्यावी लागते. जाणत्या घरांत मूल आठवीत गेलं की 'फाउंडेशन' क्लासला नाव घालतात. नवशिक्याच्या घरी या शब्दाचा उलगडा दहावीच्या निकालानंतर, पेढे वाटताना होतो. क्लासच्या फीवर 18 टक्के जीएसटी पडतो, शाळेच्या फीवर पडत नाही. खरं शिक्षण कुठं चालतं याबद्दल सरकारचं मत काय आहे, ते नवशिक्याने यावरून ओळखावं.

क्लास परवडत नसेल तर लातूरला जावं, असं सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. सांगणाऱ्याला वाटतं, लातूरला हवाच तशी आहे. लातूर पॅटर्नला मी नावं ठेवणार नाही. मुंबई-पुण्याच्या मुलांची मक्तेदारी असलेल्या गुणवत्ता याद्यांत त्या शहराने मराठवाड्यातली मुलं नेऊन बसवली, आणि ती सराव परीक्षांच्या रगड्यातून नेली, चमत्कारातून नव्हे. पण तिथंही खोलीभाडं, मेस आणि दोन वर्षांचा खर्च आहेच. गुण कमी पडले तर रिपीटर बॅच, म्हणजे तिसरं वर्ष. वर्षभर थांबणं ज्याला परवडतं, तो त्याच परीक्षेला एक वर्षाचा अभ्यास जास्त घेऊन बसतो. यादीत दोघांची नावं सारख्याच अक्षरांत छापतात.

(शाहू महाराजांनी 1902 साली कोल्हापूर संस्थानाच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, हे सगळ्यांना पाठ असतं. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह त्यांनी काढलं होतं ते आदल्याच वर्षी, 1901 मध्ये. आधी राहायची-जेवायची सोय, मग राखीव जागा. हा क्रम पुढे का उलटला, ते विचारायला ही जागा नव्हे.)

भाषेची काळजी करू नये. नीटचा पेपर मराठीत मिळतो, जेईई मेनही 2021 पासून मराठीत देता येते. अकरावी-बारावीचं सायन्सचं पुस्तक इंग्रजी, वर्ग इंग्रजी, क्लासच्या नोट्स इंग्रजी. मराठी पेपरचा सराव कुठं करायचा, ते माहिती पुस्तिकेत दिलेलं नाही.

आता कागदपत्रं. इथं नवशिक्याने नीट लक्ष द्यावं, कारण खरी प्रवेश परीक्षा ही आहे.

उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या अहवालावर तहसीलदार देतात. यात आठ लाखांचा आकडा लक्षात ठेवावा. ईडब्ल्यूएसला तोच, नॉन-क्रीमी लेअरला तोच, ट्यूशन फी माफीच्या जागेला तोच, 2024 साली मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली त्यालाही तोच. वर्षाला लाखभर मिळवणारा ऊसतोड कामगार आणि पावणेआठ लाखवाला कर्मचारी या रेषेच्या एकाच बाजूला उभे राहतात. त्यातल्या एकाचा दाखला एका दुपारी होतो. दुसरा कारखान्यावरून दोन दिवसांची मजुरी बुडवून तहसीलला येतो, तर साहेब मीटिंगला गेलेले असतात.

मग जातीचा दाखला, आणि त्याहून मोठी गोष्ट, म्हणजे वैधता. महाराष्ट्रात 2000 च्या कायद्यानुसार नुसत्या दाखल्यावर भागत नाही, पडताळणी समितीपुढे तो सिद्ध करावा लागतो. पुरावा किती जुना हवा, तेही ठरलेलं आहे. अनुसूचित जाती-जमातींना 1950 च्या आधीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. सगळ्यांत चांगला पुरावा कोणता? पणजोबांच्या शाळेच्या प्रवेश रजिस्टरातला उतारा. आपल्या पणजोबांना शाळेच्या दारात उभं करत नव्हते, हे सिद्ध करायला पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणावा. सापडला नाही तर कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधावी. ती बहुधा मोडीत असते, वाचणारा गाठावा. ज्यांच्या आजोबांचं बिऱ्हाड गाढवावर होतं आणि मुक्काम तीन रात्रींच्या वर नव्हता, त्यांनी 1961 साली आपण कुठल्या गावचे रहिवासी होतो याचा पुरावा द्यावा. सतरा वर्षांची मुलगी हे सगळं सीईटीच्या अभ्यासाच्या फावल्या वेळात करते.

खोटे दाखले काढून खऱ्यांच्या जागा लाटणारे लोक आहेत म्हणून ही पडताळणी आली, हे मान्य. पण मला एक हिशेब अजून सुटलेला नाही. पार्श्वभूमी नाही, हे सिद्ध करायला एवढी कागदं लागतात. पार्श्वभूमी आहे, हे सिद्ध करायला एकही लागत नाही. घरी इंग्रजी वर्तमानपत्र येत होतं का, वडिलांचा मित्र प्राचार्य आहे का, आठवीत कुठला क्लास होता, असा रकाना कुठल्याच अर्जात नाही.

नातेवाईक दुसऱ्या टोकालाही कामाला येतात. खासगी कॉलेजांत एनआरआय कोटा असतो. पंजाब सरकारने 2024 साली त्याची व्याख्या सैल करून परदेशातले काका, मामा, आत्या, आजी-आजोबासुद्धा त्यात बसवले. उच्च न्यायालयाने ते रद्द केलं आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. नवशिक्याने तात्पर्य एवढंच घ्यावं, की एका उमेदवाराला पणजोबा शोधावे लागतात आणि दुसऱ्याला मामा. मामा मोबाइलवर भेटतो.

यानंतर ऑप्शन फॉर्म. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप गोठते, पुढच्या फेरीत वर सरकता येत नाही. जाणत्या घरी गेल्या वर्षीचे कटऑफ एक्सेलमध्ये मांडलेले असतात आणि पसंतीक्रम समुपदेशकाकडून तपासून घेतात. नवशिक्या नेट कॅफेत जातो. कॅफेवाला विचारतो, "पहिलं कुठलं टाकू?" नवशिक्या म्हणतो, "जिथं एसटी जाते ते टाका." मिळालेल्या पर्सेंटाइलवर याहून बरं कॉलेज मिळालं असतं, हे त्याला तिसऱ्या सेमिस्टरला कळतं.

प्रवेश झाला की पार्श्वभूमीचा प्रश्न मिटतो, असा समज आहे. आयआयटी मुंबईला 2023 साली मार्गदर्शक सूचना काढून सांगावं लागलं की एकमेकांना जेईई ॲडव्हान्सचा रँक विचारू नका, कारण त्या आडून जात विचारली जाते. त्याच वर्षी डिसेंबरात सरकारने लोकसभेत दिलेले आकडे असे: पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएम मिळून अनुसूचित जाती, जमाती व ओबीसींच्या 13,626 विद्यार्थ्यांनी शिक्षण मध्येच सोडलं. विद्यार्थ्यांपुढे अनेक पर्याय असतात, ते एका संस्थेतून दुसरीकडे जातात, असा खुलासाही उत्तरात होता. असतीलही काही तसे. पण एवढे दाखले जमवून आत आलेलं पोर केवळ मौज म्हणून बाहेर पडत असेल, हे मला पटत नाही.

शेवटचा धडा नोकरीचा. इथं एक गमतीचा प्रश्न येतो: "टेल मी अबाउट युवर फॅमिली." सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून 2007 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लिहिलं की हे सगळे गुणवत्तेची ग्वाही देतात आणि त्याच दमात उमेदवाराची 'फॅमिली बॅकग्राउंड' महत्त्वाची मानतात. त्याच अंकात आपल्या अमरावतीकडच्या सुखदेव थोरातांचा, पॉल ॲटवेल यांच्यासोबत केलेला प्रयोग आहे. वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता दोनतृतीयांश, मुस्लिम नावाला एकतृतीयांश निघाली. हे अर्ज खासगी नोकऱ्यांसाठी होते. तिथं आरक्षण नाही, त्यामुळे कुणावर अन्याय होत नाही.

म्हणून नवशिक्याने मुलाखतीत काय सांगावं? वडील शेती करतात म्हणावं. मजुरी करतात म्हणू नये. आई गृहिणी आहे म्हणावं, मग ती दुसऱ्याच्या शेतात खुरपत का असेना. आडनावाचं गाव विचारलं तर जिल्हा सांगावा. हा सल्ला मी देतोय याची मला लाज वाटते, पण प्लेसमेंटची तयारी करून घेणारे तो फी घेऊन देतात.

एवढं करून पुष्कळ मुलं पार होतात. त्यांच्यासाठी आणि ज्यांनी ही मार्गदर्शिका गरज नसताना इथवर वाचली त्यांच्यासाठी एक काम आहे. घरात कुणाची वैधता निघाली असेल तर तिची प्रत वडिलांकडच्या सगळ्या भावंडांना आजच द्या. रक्तनात्यातल्या माणसाचं प्रमाणपत्र समितीपुढे भक्कम पुरावा ठरतं. आणि ज्यांना कटऑफ वाचता येतात, त्यांनी जून-जुलैत आपल्या तालुक्याच्या नेट कॅफेत एक दुपार जाऊन बसावं, दोन ऑप्शन फॉर्म भरून द्यावेत. दाखला कुणी मागणार नाही.