फुल अँड फायनल

(स्थळ : चाकणचा तळेगाव चौक. पहिली पाळी सुटून तास होऊन गेलाय आणि महाळुंग्याहून निघालेली कंपनीची बस अजून चौकाच्या अलीकडेच. पुढे नव्या गाड्या लादलेला लांबलचक ट्रेलर, शेजारी पाण्याचा टँकर, मागे आणखी दोन-तीन कंपन्यांच्या बसेस. बसला एसी आहे अशी वदंता आहे. असेंब्लीवाल्या ताईंच्या मोबाइलवर 'माझ्या नवऱ्याची बायको'चा जुना भाग लागलाय, आवाज सगळ्या बससाठी. पहिल्या सीटवर एचआरचे साहेब डोळे मिटून बसलेत. त्यांची गाडी आज सर्व्हिसिंगला.)

ताई : मुडद्या, तुझं कधी भलं व्हायचं नाही!

परमनंट : कुणाचं हो ताई? सुपरवायझरचं?

ताई : गुरुनाथचं. मीटिंग आहे म्हणून सांगितलं आणि गेला तिच्याकडे.

परमनंट : अहो, ती मालिका 2021 ला संपली.

ताई : मालिका संपली म्हणून पाप फिटतं का? 2016 पासून बघितलीय मी. सेकंड शिफ्ट लागली की भाग बुडायचे, ते आता भरून काढतेय.

क्वालिटीवाला : बॅकलॉग क्लिअर करताय.

कॉन्ट्रॅक्टवाला (शेवटच्या सीटवरून) : मला तर राव शनायाचंच वाईट वाटतं.

(बसमध्ये एकदम शांतता. टँकरवाल्यानंसुद्धा हॉर्नवरचा हात काढला.)

ताई : काय म्हणालास? परत म्हण.

कॉन्ट्रॅक्टवाला : चिडू नका ताई. मला सांगा, राधिका कोण? परमनंट. घर, सासू-सासरे, मुलगा, सगळं तिच्या नावावर. शनाया कोण? कॉन्ट्रॅक्ट. तिला काय सांगून ठेवलंय? 'जरा थांब, घटस्फोट होऊ दे, मग सगळं तुझंच.' आम्हाला पण हेच सांगतात. 'जरा थांब, पुढच्या अॅग्रीमेंटला बघू.' एकच डायलॉग आहे, फक्त तिला हॉटेलात सांगतात आणि मला पंचिंग मशीनपाशी.

परमनंट : अरे, पण दुसऱ्याच्या जागेवर डोळा ठेवायचा?

कॉन्ट्रॅक्टवाला : काका, लाईनवर मी माझ्या पायानं नाही आलो, मला आणला. आता तुम्ही मला शिव्या घालता, मी तुम्हाला घालतो आणि ज्यानं आणला तो केबिनमध्ये ग्रीन टी पितो. गुरुनाथचं तेच. तिकडं राधिका नि शनाया एकमेकींच्या झिंज्या धरायला निघाल्यात आणि हा बाबा आरशापुढं केस विंचरतोय.

क्वालिटीवाला : पॉइंट आहे. आणि शनायाला मधे ब्रेक पण दिला होता.

ताई : कसला ब्रेक?

क्वालिटीवाला : आधी रसिका सुनील होती. 2018 ला ती गेली, ईशा केसकर आली. मग पुन्हा रसिका सुनील.

कॉन्ट्रॅक्टवाला (उठून उभा राहत) : बघा! सात महिने काम, मग घरी बस, मग पुन्हा नवीन गेटपास! 240 दिवस भरू दिले नाहीत बिचारीला.

परमनंट : 240 चं तुला कुणी सांगितलं?

कॉन्ट्रॅक्टवाला : रूमवर आम्ही सहा जण आहोत. लातूर, बीड, नांदेड, यवतमाळ. सगळ्यांना एवढा एकच कायदा पाठ आहे. 240 दिवस सलग भरले की कायम होण्यावर हक्क सांगता येतो, म्हणून भरू देत नाहीत.

(एचआर साहेबांचा एक डोळा उघडतो. पुन्हा मिटतो.)

ताई : तुझं रडगाणं खरं आहे, पण ते त्या बयेच्या गळ्यात बांधू नकोस. आणि परमनंट असून मोठं काय मिळालं रे? आमची अरुंधती बघ. 'आई कुठे काय करते'मधली. पंचवीस वर्षं सर्व्हिस केली त्या घरात. एक लेटमार्क नाही. पंचवीस वर्षं झाली की कंपनी घड्याळ तरी देते. तिला काय दिलं? संजना!

ड्रायव्हर मामा : पण अप्पा चांगले होते हो. सासरा असून सुनेच्या बाजूनं उभा राहिला.

ताई : तेवढं एकच माणूस त्या 'समृद्धी' बंगल्यात. त्या अनिरुद्धला तर मी... आणि 2024 मध्ये मालिका नेली दुपारी अडीचला. अडीचला! आमची शिफ्ट सुटते साडेतीनला. अनिरुद्धला माझ्या डोळ्यांसमोर शिक्षा होऊ नये म्हणूनच नेली असणार.

परमनंट : एक बोलू का, ताई? राग मानू नका. राधिकेनं सौमित्रशी लग्न केलं, अरुंधतीनं त्या आशुतोषशी. ते मला जरा... म्हणजे इतके दिवस आपण तिच्या बाजूनं होतो ना. मग तिच्यात नि त्यांच्यात फरक काय राहिला?

ताई : फरक? नोकरीत असताना बाहेर कामं घेणं वेगळं आणि रीतसर राजीनामा देऊन दुसरीकडं जॉइन होणं वेगळं. युनियनमध्ये आहात ना तुम्ही? एवढं कळत नाही?

परमनंट : कळतं, पण बघवत नाही.

ताई : मग त्या 'एकच प्याला'तल्या सिंधूसारखं दुसऱ्यांची दळणं दळत नवऱ्याच्या नावानं मरावं का तिनं? शंभर वर्षं झाली त्या नाटकाला. राधिकेनं पण दळलंच, पण मसाला दळला, त्याची कंपनी काढली आणि नवऱ्याला हिशेब विचारला.

ड्रायव्हर मामा : हे सगळे गुरुनाथ-बिरुनाथ फालतू. पुरुष म्हणजे अण्णा नाईक.

ताई : अहो मामा, त्यानं माणसं मारली!

ड्रायव्हर मामा : मारली ना. पण किती रुबाबात!

क्वालिटीवाला : मी मान्य करतो. 'रात्रीस खेळ चाले'चा दुसरा भाग 2019 ला आला, रात्री साडेदहाला. आमच्या घरी आई, वडील, आजी, सगळे त्या खुन्याची वाट बघत बसायचे. आठ वाजता गुरुनाथला शिव्या, साडेदहाला अण्णांना पाट.

ड्रायव्हर मामा : मी तर फॅमिलीला घेऊन आकेरीला वाडा बघून आलो. दारात उभं राहून फोटो काढला. बायकोनं नमस्कार पण केला. म्हटलं, अगं कुणाला करतेस? म्हणाली, वाडा जुना आहे, एखादा देव असेलच.

परमनंट : आपल्या लोकांचं हे जुनंच आहे. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' आलं 1962 मध्ये. लखोबा लोखंडे बायकांना फसवत सुटतो आणि लोक टाळ्या कुणाला द्यायचे? लखोबाला! पणशीकर कोर्टात उभे राहून एकेक वेष बदलायचे आणि थिएटर डोक्यावर. फसलेल्या बाया साक्ष द्यायच्या, त्यांचं नाव आज कुणाला आठवतंय का?

ताई : आणि उलट निळूभाऊ फुल्यांचं बघा. माणूस सेवा दलातला, अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव फिरणारा. पण पडद्यावर वाड्यावर बोलवायचे ना, म्हणून बाया त्यांना समोर बघून पदर सावरायच्या. माझी आजी तर 2009 मध्ये ते गेले तेव्हा म्हणाली, 'बरं झालं, आता पोरीबाळी सुटल्या.' आईनं तिला पेपर वाचून दाखवला, भाऊ किती सज्जन होते ते. आजी म्हणाली, 'पेपरवाल्यांना पण बोलावलं असेल वाड्यावर.'

कॉन्ट्रॅक्टवाला : मग अण्णा का आवडतो, ते मी सांगू? अण्णा मारतो, पण लटकत ठेवत नाही. आत्ता बघू, उद्या बघू, पुढच्या क्वार्टरला बघू, असलं नाही. गुरुनाथ एकाच वेळी दोघींना शब्द देतो. आमच्याकडं खून चालतो एक वेळ, पण तारीख पे तारीख नाही चालत.

ताई : शेवंताला नाही लटकत ठेवली? जन्मभर ठेवली! पाटणकरचा संसार गेला, अण्णाचा मिळाला नाही. कुठल्या कागदावर नाव होतं तिचं?

कॉन्ट्रॅक्टवाला (विचार करून) : हां. म्हणूनच तर ती भूत झाली.

परमनंट : म्हणजे?

कॉन्ट्रॅक्टवाला : फुल अँड फायनल झालं नाही, काका. हिशेब राहिला की माणूस गेटवर फिरत राहतो.

(पूर्ण बस हसते. एचआर साहेबांच्याही पोटाची हालचाल होते, पण चेहरा झोपेतच.)

क्वालिटीवाला : असं हवेत बोलून चालणार नाही. व्हाय-व्हाय करू. प्रॉब्लेम लिहा : गुरुनाथ सुधारत नाही. पहिला व्हाय, का सुधारत नाही?

ताई : कारण शनाया आहे.

क्वालिटीवाला : दुसरा. शनाया का आहे?

परमनंट : कारण ती गेली तर मालिका संपेल.

क्वालिटीवाला : तिसरा. मालिका का संपवत नाहीत?

ड्रायव्हर मामा : टीआरपी आहे म्हणून.

क्वालिटीवाला : चौथा. टीआरपी का आहे?

कॉन्ट्रॅक्टवाला : रोज रात्री आठला लोक शिव्या द्यायला बसतात म्हणून.

क्वालिटीवाला : पाचवा. लोक का बसतात?

(सगळे ताईंकडे बघतात.)

ताई : माझ्याकडं काय बघता? तुमच्या बायका बघत नव्हत्या?

क्वालिटीवाला : रूट कॉज सापडलं. आमची हीच. करेक्टिव्ह अॅक्शन घेण्याची माझी हिंमत नाही. रिपोर्ट क्लोज.

ड्रायव्हर मामा : त्या 'देवमाणूस'चं पण करा की. बोगस डॉक्टर होता ना तो.

क्वालिटीवाला : त्यात व्हाय-व्हाय कशाला? इनकमिंग इन्स्पेक्शनच नव्हतं. सर्टिफिकेट न बघता अख्ख्या गावानं लॉट पास केला.

(ट्रेलर हलतो. बस दहा फूट पुढे जाते. सगळे टाळ्या वाजवतात. ट्रेलर थांबतो.)

परमनंट : साहेब झोपलेले नाहीत, मला माहितीय. साहेब, तुमचं काय मत?

एचआर साहेब (डोळे मिटूनच) : पर्सनल मॅटरमध्ये मी पडत नाही.

ताई : घरी बघत होतात की नाही?

एचआर साहेब (डोळे उघडत) : जेवताना समोर लागायची. म्हणजे कानावर पडायची. राधिका नागपूरहून आली, तिच्या बोलण्याला तो हसायचा, ते मला नाही आवडलं. आमच्या मिसेस अमरावतीच्या आहेत.

ड्रायव्हर मामा : मग साहेब, गुरुनाथच्या जागी तुम्ही असता तर?

एचआर साहेब (सावरून बसत) : मी शनायाला डायरेक्ट घेतलंच नसतं.

ताई : बघा! शिकलेला माणूस आहे.

एचआर साहेब : एजन्सीमार्फत घेतलं असतं. मग ती जबाबदारी एजन्सीची. तिनं घरी येऊन तमाशा केला तर मी म्हणालो असतो, मॅडम, तुमचा आमचा काही संबंध नाही, तुम्ही तुमच्या कॉन्ट्रॅक्टरशी बोला.

(कुणीच काही बोलत नाही. ताईंच्या मोबाइलवर जाहिरात लागते, मसाल्याची.)

ताई : गुरुनाथ बरा हो. त्याला निदान खोटं तरी बोलावं लागायचं.

परमनंट : अण्णा तर देवमाणूसच.

कॉन्ट्रॅक्टवाला : साहेब, विषय निघालाच आहे तर एक विचारू? तिचं जाऊ द्या. माझे या वेळी 240 भरणारेत का? पुढच्या महिन्यात ब्रेक आहे असं कॉन्ट्रॅक्टर म्हणतो. तुम्ही एकदा हो किंवा नाही सांगा, म्हणजे रूमचं डिपॉझिट परत मागायला बरं.

एचआर साहेब (मागे वळून, खिशातून डायरी काढत) : कुठल्या लाईनला आहेस तू? नाव काय तुझं?

ताई, परमनंट, क्वालिटीवाला (एकदम) : नाव सांगू नकोस!

कॉन्ट्रॅक्टवाला : शनाया, साहेब.