आर-डॉलरमधला ग्रहणयोग

स्वारगेटला एसटीतून उतरून पीएमटी पकडायची, तर आधी रस्ता ओलांडायचा. एसटीचं तिकीट पीएमटीत चालत नसे. वळकटी, आंब्याची पेटी आणि आत्या आपणच पलीकडे न्यायची. आमच्या काळच्या कॉम्प्युटरांचंही असंच होतं, फक्त मध्ये रस्तासुद्धा नव्हता.

1984 साली केंद्र सरकारची 'क्लास' योजना आली, तिच्या कृपेने पुढे आमच्या शाळेत कुलूपबंद खोलीत बीबीसी मायक्रो बसला. आणि सिंक्लेअरच्या परवान्याने डेसिबेल्स कंपनी इकडे काढत असे तो 'डीबी स्पेक्ट्रम' माझा मित्र मंद्या याच्या घरी, एसटी स्टँडमागच्या चाळीत, टीव्हीला जोडलेला होता.

दोघेही कॅसेटवरच लिहीत. पण बीबीसी शून्यासाठी 1200 हर्ट्झचा सूर लावी आणि एकासाठी 2400चा. स्पेक्ट्रम सुराकडे बघायचाच नाही. ठोका किती लांब, एवढंच मोजायचा. शून्याच्या दुप्पट लांब तो एक. एक सुरातला, दुसरा तालातला! आमच्या कानांना दोन्ही किंचाळ्या सारख्याच. पण बीबीसीची कॅसेट लावली की स्पेक्ट्रम मख्ख. सिरियल केबलने जमलं असतं, पण स्पेक्ट्रमला त्यासाठी वेगळा इंटरफेस लागे. त्याची किंमत ऐकून मंद्याच्या अप्पांनी पेपर उघडला तो मिटलाच नाही.

अडचण अशी की अप्पांनाच घाई होती. एसटीतून रिटायर झाल्यावर ते पत्रिका बघू लागले होते, आणि आम्ही शाळेच्या बीबीसीवर कुंडलीचा प्रोग्रॅम लिहिला होता. शेवटी तो दोनशेपानी वहीत उतरवून घरी आणला. मंद्या वाचणार, मी टाइप करणार.

स्पेक्ट्रमवर 'पी' दाबला की अख्खा 'प्रिंट' उमटतो, त्यामुळे सवयीने पुढे 'रिंट' टाइप करणाऱ्याची फजिती ठरलेली. बीबीसीला 'एक्स बरोबर पाच' चालायचं, याला आधी अदबीने 'लेट' म्हणावं लागे. त्यात कोल्हापूर गाडीचा हॉर्न वाजला की कोलन आणि सेमीकोलन यांत फरक उरत नसे. मग अप्पा स्टँडवर गाडी पुकारायच्या आवाजात ओळ पुन्हा वाचत आणि समोरच्या गॅलरीतले लोक बाहेर येत.

खरा घोळ पुढे. बीबीसीत 'रवी-डॉलर', 'राहू-डॉलर' अशी ऐसपैस नावं होती. प्रत्येकात त्या ग्रहाची रास. स्पेक्ट्रमला अशा नावात डॉलरच्या आधी एकच अक्षर चाले. मंद्याने सरळ पहिलं अक्षर ठेवलं. रवी आर-डॉलर, राहूही आर-डॉलर. शनी आणि शुक्र एस-डॉलरमध्ये. नंतर येणारा आधीच्याला पुसून टाकी, मग दोघांची रास एकच छापली जाई. परिणामी ज्याची जन्मवेळ घालावी त्याच्या कुंडलीत ग्रहणयोग! अप्पांच्या, काकूंच्या, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या, इतकंच काय, त्यांच्या तान्ह्या मुलीच्याही.

"दिवसच वाईट आलेत," अप्पा म्हणाले. "मशीन कशाला खोटं सांगेल?"

काकूंना मात्र शंका आली. "अहो, सगळ्या चाळीचे रवी-राहू एकाच घरात कसे?" मग मंद्याने राहूला झेड-डॉलरमध्ये हलवलं, शुक्राला व्ही-डॉलर दिला, आणि एका संध्याकाळी चाळीतली ग्रहणं सुटली.

सगळे खूश, भाडेकरू सोडून. त्यांनी आदल्याच दिवशी राहूची शांत करून घेतली होती आणि गुरुजी दक्षिणा परत द्यायला तयार नव्हते.