निष्पत्ती अपलोड झाली

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे ‘निपुण भारत’ अभियानाचं २०२६-२७पर्यंतचं उद्दिष्ट. आमच्या माहितीतल्या एका शाळेनं ते परवाच गाठलं. रेंजसाठी गुरुजी पोरांना घेऊन मारुतीच्या पारावर गेले आणि बालभारतीच्या धड्यावरचा क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपवर स्कॅन केला. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. पोरं एकटक बघत होती, सबब ‘लक्षपूर्वक निरीक्षण’ ही निष्पत्ती साध्य! अक्षांश-रेखांशासह फोटो ग्रुपवर गेला आणि वरिष्ठांचे अठरा अंगठे उमटले. साक्षरतेवर याहून अधिकृत शिक्कामोर्तब ते कोणतं?

एक गालबोट मात्र लागलं. तेवढ्या वेळात मागच्या एका पोरीनं पुस्तक उघडून तो धडा वाचूनच काढला. पोर्टलवर तसा रकाना नाही. मार्गदर्शन मागवलं आहे.