कुंडलिका ते गंगा, नाश्त्यासह

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या पाळ्या तीन. तिथल्या आदर्श कुटुंबातल्या मुलांच्या मात्र चार: शाळा, अबॅकस, कराटे, स्केटिंग. फ्रिजवर चार रंगांतले वेळापत्रक आहे. रविवारी दुपारी २ ते २.२० 'मोकळे खेळणे'. उशीर झाल्यास वेळ वाढवून मिळत नाही. या शिस्तीचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

गणपतीची मूर्ती घडवायला मुले ठाण्याच्या कार्यशाळेत जातात. वाटेत पेण लागते, पण तिथे नुसत्याच मूर्ती घडतात. सहभागाचे प्रमाणपत्र कोण देणार?

मे महिन्यात राफ्टिंगसाठी ऋषिकेश. भिऱ्याच्या वीजगृहातून पाणी सुटले की कुंडलिकेत राफ्टिंग करायला मुंबई-पुण्याची माणसे कोलाडला येतात, हे खरे. पण घरापासून अर्ध्या तासावरच्या नदीला सहल म्हणायचे तरी कसे?

गंगेत लाइफ जॅकेटचे पट्टे आवळताना गाइडने गाव विचारले. रोहा म्हणताच तो खुलला. पावसाळ्यात इथले राफ्टिंग बंद असते. तेव्हा तो कोलाडलाच असतो!

घरी परतताच फ्रिजवर पाचवा रंग चढला: 'जुलै. कोलाड. २ रात्री, ३ दिवस, नाश्त्यासह.'