ब्रेक पॅडवरच्या चोंबड्या पट्टीस

प्रति,
पोलादी पट्टी,
मुक्काम : पुढचं डावं चाक, ब्रेक पॅडच्या काठाला.

विषय : मालकाच्या परवानगीवाचून किंचाळल्याबाबत.

बाई,

कंपनीच्या पुस्तकात तुझं नाव ‘वेअर इंडिकेटर’ असं भारदस्त छापलंय म्हणे. ते पुस्तक गाडी घेतल्यापासून मी उघडलेलं नाही. पीयूसीचा कागद उडू नये म्हणून ते वर ठेवायला बरं पडतं. तुझं नाव मला कळलं ते गॅरेजमध्ये, सगळं आटोपल्यावर. तोवर आपली ओळख फक्त ‘चीं’ एवढीच.

तुझी नोकरी काय, तेही तिथेच समजलं. नव्या पॅडवरचं घासायचं मटेरियल साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतं. ते झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आलं, की तुझं टोक फिरत्या डिस्कला टेकतं आणि तू सुरू होतेस. म्हणजे वर्षानुवर्षं गप्प बसायचं आणि मग एके दिवशी भर सिग्नलला, चारचौघांत, मालकाची अब्रू काढायची. सरकारी खात्यात असतीस तर एव्हाना बदली झाली असती.

पहिल्यांदा किंचाळलीस तेव्हा मी काच वर केली. दुसऱ्या आठवड्यात गाण्यांचा आवाज वाढवला. मागून आई म्हणाली, “अरे, चाकात मांजर-बिंजर अडकलंय का बघ.” मी म्हणालो, “गंजाचा आवाज आहे तो. पावसाळ्यात होतं असं.” आता यात खोटं काही नव्हतं. गाडी रात्रभर पावसात उभी राहिली की बिडाच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो, सकाळी पहिल्या चार ब्रेकला खरखरतं आणि मग साफ होतं. फक्त तेव्हा जानेवारी चालू होता.

तुझी टोळीही मोठी. हँडब्रेक खाली असताना वळणावर लाल दिवा लुकलुकायला लागला. सोसायटीतले एक जाणकार म्हणाले, ब्रेक ऑईल कमी झालंय, टाका. टाकलं. दिवा विझला आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. पॅड झिजले की कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो, त्याच्या मागची वाढलेली जागा ऑईलनं भरते आणि म्हणून वरच्या डबीतली पातळी उतरते, हे त्या जाणकारांना कुणी सांगितलं नव्हतं. डबी बिचारी पॅडचीच बातमी देत होती. मी तिच्या तोंडात बोळा घातला. मग ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायला लागली, पेडल पायाखाली थरथरायला लागलं. मी खड्ड्यांकडे बोट दाखवलं. पुण्यात हा खुलासा कुणीही मान्य करतं.

आणि मार्चमध्ये तू गप्प झालीस. मला वाटलं, सुधारलीस. तुझ्या जागी खालून नुसती घर्र-घर्र यायची. पण ती खालच्या पट्टीतली असल्यामुळे गाण्यात मिसळून जायची. तू झिजून संपली होतीस आणि पॅडमागचं लोखंड थेट डिस्क कातत होतं, अशा क्षुल्लक तपशिलात मी शिरलो नाही. उलट त्याच आनंदात आईला घेऊन पाचगणीला गेलो.

येताना पसरणी घाट. ज्या गिअरात घाट चढावा त्याच गिअरात उतरावा, असं जुने ड्रायव्हर सांगतात. मी दुसऱ्यात चढलो होतो. उतरताना चौथा, आणि मध्ये मध्ये न्यूट्रल, पेट्रोल वाचतं म्हणून. (आजकालचं इंजेक्शनचं इंजिन गिअरमध्ये उतरताना पेट्रोल घेतच नाही, न्यूट्रलला मात्र चालू राहण्यापुरतं पितं. हे ज्ञानही गॅरेजमधलंच.) ब्रेकवरचा पाय सोडला नाही. अर्ध्या घाटात जळका वास आला. “पुढच्याचा क्लच जळतोय,” मी आईला समजावलं. पुढे कुणीच नव्हतं.

मग पेडल लोण्यात पाय घालावा तसं खाली गेलं. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा पितं. कोरं डॉट-३ ऑईल २०५ अंशांच्या आत उकळत नाही. पाणी मुरलेलं १४० लाही उकळू शकतं. उकळलं की नळीत बुडबुडे होतात आणि पाय ब्रेक दाबायचा सोडून बुडबुडे दाबत बसतो. ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. मी तर ताजं ऑईल जुन्याच्या डोक्यावर ओतून मोकळा झालो होतो. दुसरा गिअर, हँडब्रेक आणि डोंगराच्या बाजूचं गवत, या तिघांनी मिळून गाडी थांबवली. आईनं स्ट्रॉबेरीचं खोकं उघडलं. म्हणाली, “मांजर गेलं वाटतं.”

पुण्यात आलो ते टोइंगच्या गाडीतून. कात्रजचा नवा बोगदा संपल्यावर नवले पुलाचा उतार लागतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका ट्रकनं कितीतरी गाड्यांना धडक दिली होती. आधी ‘ब्रेक फेल’ असा बोभाटा झाला. नंतर निघालं ते इंजिन बंद करून उतार उतरणं. टोइंगवाला तो उतार खालच्या गिअरात, इंजिन घुरघुरवत उतरला. मी पहिल्यांदाच तो आवाज कान देऊन ऐकला.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी डिस्कवरून माझंच बोट फिरवलं. ग्रामोफोनची तबकडी. “ओरडत होती तेव्हा आला असता तर नुसते पॅड बदलून भागलं असतं,” ते म्हणाले. तुझी बाजू घेणारा हा पहिलाच माणूस मला भेटला. बिल त्यांनी माझ्याच नावानं फाडलं.

तरी तुझ्या जागी जी नवी पट्टी रुजू झाली आहे, तिला समज द्यावी : किंचाळायचं तर दोन गाण्यांच्या मधल्या वेळेत किंचाळावं.

आपला,
गाडीमालक

सोबत : डिस्क, २ नग, खाचा पडलेल्या.

प्रत माहितीसाठी : मागच्या चाकांतले ब्रेक लायनर. ते ड्रमच्या आत झाकलेले असतात, ओरडायला त्यांच्याकडे पट्टी नाही. त्यांचं आणि माझं उत्तम जमतं.