मागची जोडी

दामूअण्णा समोरून आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, त्याच्या टायरकडे बघतात. ही जात गल्लीत एखादीच असते, पण असते. अण्णांची तीस वर्षं एस.टी. डेपोत टायर सेक्शनला गेली. नवे टायर पुढं, रिमोल्ड मागं, हा डेपोतला शिरस्ता त्यांनी पंगतीतही लावला आहे. नवे पाहुणे पुढं, घरचे मागं.

मी जुनी बोलेरो घेतली आणि पेढे घेऊन गेलो. पेढा तोंडात टाकून अण्णा थेट मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. टायरच्या कडेला चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढच्या टायरवर २११७, मागच्यावर ०९२१.

"किती पळालीय म्हणाला?"

"तीस हजार."

"मागच्या चाकांवर चालणारी गाडी ही. जोर सगळा मागं, म्हणून मागची जोडी आधी गोटा होती. ती बदलून झाली, तरी मीटर तीस हजारच? फिरवलाय रं मीटर."

उरलेले पेढे मी घरी परत नेले.

पण अण्णांचा खरा पराक्रम शेजारच्या पुतणीला बघायला पाहुणे आले त्या दिवशीचा. आत कांदेपोहे, बाहेर अण्णा आणि पाहुण्यांची गाडी, तीही मागच्याच चाकांवर चालणारी. आधी टायरवरून तळहात फिरवला, मग खाचेत नख घातलं. खाचेच्या तळाशी छोटा आडवा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर कायद्यानंही संपला. मागचे दोन्ही त्या खुणेला टेकलेले. पुढच्यांवर निम्म्याहून जास्त नक्षी शाबूत, फक्त डावा आतून खाल्लेला.

अण्णांनी मुलीच्या काकांना पडवीत बोलावलं.

"पोरगं क्लच फटकन सोडतंय. चिखलात रुतलं तर उतरून बघत न्हाई, एक्सलेटर दाबत बसतंय. मागचे सरळ पुढं, पुढचे तिरके मागं, धा हजाराला एकदा फिरवायचे, तेवढंबी सुचलं न्हाई. आन् खड्ड्यात आदळून चाक वाकडं झालं तरी अलाइनमेंट केली न्हाई. संसारात काय करंल?"

काका गार. स्थळ मोडणार, एवढ्यात आतून मुलीचाच आवाज आला, "गाडी कोण चालवतं?"

"बाबा," मुलगा म्हणाला. "मला येत नाही."

बाबांनी पोह्यांत मान घातली.

अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला, "मग हरकत न्हाई. पण सासऱ्याच्या शेजारी बसून घाटात जायचं न्हाई."

एवढं सगळं बोलणाऱ्या अण्णांकडे स्वतःची गाडी म्हणाल तर सायकल. पण तिलाही पळवतं मागचंच चाक, आणि बसणाऱ्याचं वजनही जास्त त्याच्यावरच. त्यामुळं दर दिवाळीला, फराळाच्या आधी, अंगणात दोन्ही टायरांची अदलाबदल होते. काकू चकलीचा सोऱ्या घेऊन वाट बघत बसतात.

लग्न वैशाखात झालं. पाठवणीच्या वेळी मंडपात सगळ्यांचे डोळे भरलेले. अण्णा कुठं दिसेनात. शेवटी सजवलेल्या गाडीमागं सापडले, झेंडूच्या माळा बाजूला सारून चाकापाशी उकिडवे बसलेले. गुडघ्यावर हात टेकून उठले, नाक पुसलं आणि काकांना म्हणाले,

"जोडी नवी घातलीया. जाऊ द्या पोरीला."