दोन हातांचं अंतर

रविवारी जेवायला सगळे जमले होते. भाताचं भांडं पुढे सरकवता सरकवता भाची म्हणाली, की तिची एक बॅचमेट ऑस्ट्रेलियात मिडवाइफचा कोर्स करतेय, डिस्टन्सने. भावजींचा घास हातातच राहिला. "डिस्टन्सने सुईण? मग बाळ काय स्पीडपोस्टाने येतं?"

सगळे हसले. मीही हसले. मग कुणी पोचपावतीचं काढलं, कुणी पत्ता चुकला तर काय ते काढलं. हसली नाही ती एकटी भाची. सहा वर्षं ती एका सरकारी रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये स्टाफ नर्स आहे. तिने शांतपणे लोणचं वाढून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, मी कॉलेजात रोज हजर राहून शिकले ना, ते डिस्टन्स एज्युकेशन. ही शिकतेय ते नव्हे."

माझी दुपारची झोप तिथेच गेली.

आता आधी कागदोपत्री सुईण कशी होते ते बघू. आपल्याकडे जी.एन.एम. म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी. परीक्षा पास झाली की कौन्सिलात नोंद होते ती दुहेरी: आर.एन. आणि आर.एम. म्हणजे नोंदणीकृत नर्स आणि नोंदणीकृत सुईण. एका तिकिटात दोन खेळ. त्यातल्या दुसऱ्या खेळासाठी एक केसबुक भरावं लागतं. स्वतःच्या हाताने केलेल्या 20 नॉर्मल डिलिव्हरी त्यात लिहायच्या आणि प्रत्येकीखाली सही घ्यायची.

20 हा आकडा दिसायला गरीब आहे. पण चाळीस मुलींची बॅच धरा. झाल्या 800 डिलिव्हरी. त्याच लेबर रूममध्ये शेजारच्या कॉलेजची बॅच येते, ए.एन.एम.च्या मुली येतात, डॉक्टरकीचे इंटर्न येतात. त्यांचीही वह्या भरायची घाई असते. बाई एक, पलंग एक, बाळाचं डोकं एक आणि हातमोजे घातलेले हात बावीस.

भाचीने कपाटातून तिचं केसबुक काढून दाखवलं. खाकी कव्हर, कोपऱ्यावर हळदीचा डाग. प्रत्येक पानावर बाईचं वय, कितवी खेप, कळा कधी सुरू झाल्या, पाणमोट कधी फुटली, बाळाचं वजन, वारेचं वजन. वीसच्या वीस पानं एकाच शाईत, एकाच तिरक्या अक्षरात. एकाच बैठकीत लिहिल्यासारखी.

"यातल्या तुझ्या किती?" मी विचारलं.

"हात लागला अशा सहा. बघितल्या चार."

"आणि उरलेल्या दहा?"

"ऐकल्या."

पडद्याच्या अलीकडे उभं राहून ऐकलेल्या दहा बाळंतपणांवर शिक्का आहे, सही आहे, तारीख आहे. हजेरी शंभर टक्के. आणि आपण हसतो कुणाला, तर पोस्टाने पुस्तक मागवणारीला!

खरी शिकवणी कधी झाली, असं विचारल्यावर तिने नोकरीतल्या दुसऱ्या महिन्यातली एक नाइट सांगितली. रात्रीचे अडीच, बाई पहिलटकरीण, डॉक्टर ओ.टी.त अडकलेले. सीनियर सिस्टरने स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणाल्या, "तू घे." डोकं दिसायला लागलं. एका हाताने पॅड धरून खाली आधार द्यायचा, दुसरा पंजा बाळाच्या डोक्यावर. ढकलायचं नाही, ओढायचं नाही, फक्त त्याला उसळू द्यायचं नाही. बाईला सांगायचं, आता जोर नको, फुंकर मार, चहावर मारतेस तशी. डोकं आलं. बोट मानेभोवती फिरवलं. नाळेचा वेढा होता, पण सैल, डोक्यावरून काढला.

"आणि मग?"

"मग काही नाही. पुढची कळ येईपर्यंत थांबायचं. डोकं बाहेर, अंग आत, तू हात धरून उभी, आणि करायचं काहीच नाही. पुस्तकात ते अर्ध्या ओळीत आहे, मावशी."

ती अर्धी ओळ पोस्टाने पाठवता येते. ते मिनिट पाठवता येत नाही, हे खरंच. पण ते वर्गात बसूनही मिळत नाही. ते मिळतं कुणीतरी जाणतं माणूस हात पाठीमागे बांधून शेजारी उभं राहिलं तरच. आणि हे काही कुठल्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

ही गोष्ट सरकारला कळलेली नाही असं नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारने देशातल्या मिडवाइफरी सेवांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि नवं पद आणलं: नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी. त्यासाठी नोंदणीकृत नर्सला आणखी 18 महिन्यांचं प्रशिक्षण. म्हणजे जिच्या परवान्यावर सुईण असं आधीच छापलंय, तिला आता सुईण करायचं. परवान्यातली सुईण आणि पलंगाशेजारची सुईण या दोन वेगळ्या बायका आहेत, याची यापेक्षा सभ्य कबुली मी वाचलेली नाही.

कायद्याचंही तसंच. 1947च्या कायद्याने इंडियन नर्सिंग कौन्सिल आलं. त्याच्या नावात सुईण नव्हती. 2023 मध्ये त्याजागी नवा कायदा आला, राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा. सुईणबाई 76 वर्षांनी पाटीवर पोचल्या. त्या पगारपत्रकावर कधी पोचतात ते बघायला मी असेन का, शंका आहे.

भाचीलाही ते 18 महिन्यांचं प्रशिक्षण हवं आहे. तिने चौकशी केली तेव्हा साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "तुझ्या जागी कोण?" उत्तर त्यांनाही माहीत होतं. कुणीच नाही. लेबर रूमला तीन पाळ्यांना मिळून जेवढ्या सिस्टर हव्यात तेवढ्या नाहीतच, त्यातली एक रिलीव्ह केली तर रात्र कोण काढणार? म्हणजे गंमत बघा, बाळंतपणं नीट करायला शिकायचं तर बाळंतपणं सोडून जावं लागतं.

तशी मराठी बाईला बाळंतशास्त्रासाठी लांब जायची सवय आहे. आनंदीबाई जोशी समुद्र ओलांडून पेनसिल्वेनियाला गेल्या, 1886 मध्ये एम.डी. झाल्या, आणि प्रबंध लिहिला तोही आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. त्यांचं स्वतःचं पहिलं मूल अवघ्या दहा दिवसांत गेलं होतं. पण एवढं लांब जायला घर आणि नोकरी दोन्ही मागे टाकावं लागणारी प्रत्येक बाई आनंदीबाई कशी होणार? आणि व्हावीच कशाला?

आता त्या ऑस्ट्रेलियातल्या बॅचमेटचं ऐका. इथे ती नर्स आणि सुईण दोन्ही होती. तिथे विमानातून उतरली तेव्हा नर्स तेवढी उरली. सुईण बहुतेक कस्टममध्ये अडकली. मिडवाइफ म्हणून काम करायचं तर पुन्हा शिक, असं सांगितलं गेलं. तिने धरलेल्या कोर्सची थिअरी ती घरबसल्या लॅपटॉपवर करते, मधूनमधून काही दिवस विद्यापीठात जाते, आणि उरलेला वेळ प्रसूती विभागात असते. नियम असा, की किमान 30 बाळंतपणं मुख्य हात तिचा असताना व्हायला हवीत. शिवाय किमान 10 बायकांसोबत गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत राहायचं. त्यातल्या एकीला रात्री दोनला कळा सुरू झाल्या की फोन हिला. सुट्टी असो, सण असो, गाडी काढायची.

याला आपण 'डिस्टन्स' म्हणतो आणि हसतो.

जागतिक मोजमापही हेच सांगतं. सुईणींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या निकषांत नर्स झालेलीसाठी किमान 18 महिने आहेत, आणि अभ्यासक्रमाचा निदान निम्मा भाग प्रत्यक्ष काम. पुस्तक कुठे बसून वाचलं यात कुणाला रस नाही. हात कुठे होते ते सांगा. आपल्याकडेही नोकरीतल्या नर्सेससाठी इग्नूचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग दूरशिक्षणानेच चालत आलंय, प्रात्यक्षिकाच्या सक्तीसह. नाइट ड्यूटीवर पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपणाच्या आलेखावर, टिंब मांडायचं, आणि दोन टिंबांच्या मध्ये स्वाध्याय लिहायचा. या बायका वर्गापासून दूर असतील, पण पलंगापासून कधीच नव्हत्या.

मग काय, उद्यापासून सुईणीचा कोर्स पोस्टाने सुरू करायचा? थांबा. मी माझ्या माणसांना ओळखते. हा कोर्स सोमवारी जाहीर झाला तर बुधवारी चौकातला झेरॉक्सवाला भरलेली केसबुकं विकायला ठेवेल, सहीसकट. आधी वर्गात हजर राहून दहा 'ऐकल्या' होत्या. मग तेवढंही ऐकायला कुणी जाणार नाही. म्हणून अट एकच घाला. पुस्तक पोस्टाने येऊ द्या, भाषण मोबाइलवर येऊ द्या, पण शिकवणारी सिस्टर पलंगाशेजारी हवी. तिला त्या कामाचा पगार हवा, आणि तिची सही तिने डोळ्यांनी पाहिलेल्यावरच हवी. महाग पडेल. स्वस्तातली शिकवणी आपण वापरून पाहिली आहे.

तिची किंमत कुठे दिसते ते सांगते. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी रुग्णालयांतली 47.4 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के. काहींना सिझर लागतंच, आणि लागतं तिथे ते जीव वाचवतं. पण दोन पाट्यांखाली बायकांची पोटं एवढी वेगवेगळी असतात, यावर माझा विश्वास नाही. शंभरातल्या काहीजणींना सुरीची नव्हे, तर हात धरून वाट बघणारीची गरज होती. वाट बघणाऱ्याचं बिल लावायची सोय आपल्याकडे नाही, एवढंच.

हे सगळं मी पानावरच बोलले. भावजींनी मठ्ठा संपवला, पण त्यांचा मुद्दा काही संपला नव्हता. "ते काही असो," ते म्हणाले, "लांबून असली कामं होत नसतात."

भाची पर्स उचलून ड्यूटीला निघाली होती. चप्पल घालता घालता थांबली. "बाबा, मी झाले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मी? बाहेर. बाकावर." मग जरा आठवून, "नाही, चहाच्या टपरीवर."

"बघा. आणि तरी जन्मदाखल्यावर तुमचं नाव आहेच की."